कुंडीतील निवडुंगाची माती

निवडुंग पाण्यावाचून मरत नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तो पाण्याने मरतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांना तो मेल्यावर कळते. रोपवाटिकेतून हौसेने आणलेली एखादी गोल, काटेरी, टवटवीत वनस्पती खिडकीत ठेवली जाते. उन्हाळा ती निर्धास्तपणे काढते. मग पाऊस लागतो, आठ-पंधरा दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, आणि एके सकाळी बोट लावताच ती बुंध्यापाशी मऊ लागते. वरून हिरवीगार दिसणारी ती वनस्पती आतून केव्हाच कुजून गेलेली असते. मग पाणी जास्त कोणी घातले, याची घरात चौकशी सुरू होते. वास्तविक पाणी घालणाऱ्याचा अपराध त्यात थोडाच असतो. पुष्कळदा ती वनस्पती ज्या दिवशी कुंडीत लावली गेली, त्याच दिवशी तिचे भवितव्य ठरून गेलेले असते; कारण तिला दिलेली माती चुकलेली असते.

हे नुकसान किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. झेंडूचे रोप गेले तर पुढच्या हंगामात दुसरे येते. सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग बियांपासून वाढवून नारळाएवढा व्हायला आठ-दहा वर्षे सहज लागतात. कित्येक घरांत अशा कुंड्या वडिलांकडून मुलाकडे आलेल्या असतात. इतक्या वर्षांचे संगोपन एका ओल्या आठवड्यात नाहीसे व्हावे, आणि तेही ज्याकडे कोणी लक्ष दिले नाही अशा मूठभर मातीमुळे, हे खरोखर टाळता येण्यासारखे आहे.

यावर एक शंका सहज निघेल. शेताच्या बांधावर, गावकुसाबाहेर, पडक्या गढीच्या भिंतीवर फड्या निवडुंग उभा असतो. त्याला कोणी माती निवडून दिलेली नसते. काळी असो, तांबडी असो, मुरमाड असो, त्याचे कुठेच अडत नाही. हा फड्या निवडुंग मूळचा आपल्या देशातला नव्हे, तो अमेरिका खंडातला. किरमिजी रंग ज्यापासून निघतो, त्या किड्यांचे खाद्य म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत त्याच्या जाती दक्षिण भारतात आणून वाढविण्याचे प्रयत्न झाले. रंगाचा धंदा फारसा साधला नाही. निवडुंग मात्र असा फोफावला की, शेते आणि गायराने त्याने गिळून टाकली. शेवटी १९२६ साली श्रीलंकेतून त्याच कुळातला दुसरा किडा आणून सोडावा लागला, तेव्हा काही वर्षांत त्याचा जोर ओसरला. ज्या वनस्पतीला आवरण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, तिचाच भाऊबंद कुंडीत घातल्यावर इतका नाजूक का व्हावा? या प्रश्नाच्या उत्तरातच कुंडीच्या मातीचे सारे रहस्य आहे.

येथे नावांचा थोडा खुलासा केला पाहिजे. मराठीत निवडुंग हा शब्द सैलपणे वापरला जातो. दुधाळ चिकाचे, तीन किंवा पाच धारांचे निवडुंग हे युफोर्बिया कुळातले होत व त्यांच्या काही जाती खास भारतीय आहेत. खरे कॅक्टस, एखाद-दुसरी जात वगळली तर, सर्व अमेरिकेतले. त्यांच्या अंगावर लवीच्या लहानशा गाद्या असतात व त्या गाद्यांतूनच काटे, फुले व फांद्या निघतात. युफोर्बियाला अशा गाद्या नसतात आणि कॅक्टसमधून, काही जाती सोडल्या तर, पांढरा चीक निघत नाही. यांखेरीज कोरफड, पानफुटी, हावर्थिया, अ‍ॅडेनियम या मांसल वनस्पतींचा मोठा परिवार आहे. कुळे निराळी असली तरी पाणी साठवून ठेवण्याची युक्ती यांनी आपापल्या परीने साधलेली आहे, आणि म्हणून मातीच्या बाबतीत त्यांच्या गरजाही पुष्कळशा सारख्या आहेत.

ती युक्ती कोणती? सामान्य झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडी ठेवतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. निवडुंग व बहुतेक मांसल वनस्पती हा व्यवहार रात्री करतात. रात्री हवा थंड असते, वाफ थोडी जाते. आत घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात, आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवतात. या गोष्टीचा एक जुना सुगावा भारतातच लागला होता. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव झाली आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. त्याचे हे निरीक्षण १८१५च्या सुमारास लंडनच्या लिनिअन सोसायटीमार्फत प्रसिद्ध झाले. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, याचा तो जिभेने घेतलेला पुरावा होता.

मातीशी याचा संबंध असा. कुंडीतली तुळस सकाळी घातलेले पाणी दिवसभर पीत राहते आणि उन्हात ते हवेत सोडून देते. माती जरा चिकट असली, पाणी धरून ठेवणारी असली, तरी तुळस स्वतःच ती कोरडी करते. निवडुंग तसे करीत नाही. तो घोटभर पाणी घेतो आणि थांबतो. उरलेले पाणी कुंडीतून घालवण्याची जबाबदारी मग एकट्या मातीवर येते. ती जबाबदारी मातीला पेलली नाही, तर निवडुंग दिवसेंदिवस ओल्या चिखलात पाय रोवून उभा राहतो.

मूळ रानात त्याच्यावर हा प्रसंग येत नाही. अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात ताडमाड वाढणारा सग्वारो निवडुंग जितका उंच, साधारण तितकीच त्याची मुळे भोवती पसरलेली असतात. पण त्यांतली बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच असतात. पावसाची सर येते, दगडगोट्यांच्या जमिनीत पाणी झपाट्याने मुरते. निवडुंगाच्या मुळांना थोड्याच अवधीत नवी तंतुमुळे फुटतात, ती हवे तेवढे पाणी ओढून घेतात, आणि जमीन वाळली की ही तंतुमुळे गळूनही जातात. भरपूर पाणी थोडा वेळ, आणि मग दीर्घ कोरडेपणा, असा हा क्रम आहे. निवडुंगाला पाणी नको असते, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. त्याला पाणी हवे असते. रेंगाळणारे पाणी नको असते.

आता बांधावरचा निवडुंग आणि कुंडीतला निवडुंग यांतला फरक पाहू जाता, तो वनस्पतीत नसून जागेत असल्याचे दिसून येते. बांधावर पडलेले पाणी खाली खाली जात राहते, कारण खाली फुटच्या फूट माती असते आणि ती त्याला ओढून घेते. कुंडीत मातीचा हा स्तंभ चार-सहा इंचांवर एकदम संपतो. तळाला भोक असते, पण भोकाखाली माती नसते, हवा असते. आणि मातीच्या बारीक फटींत केशाकर्षणाने धरलेले पाणी मोकळ्या हवेत उडी घ्यायला तयार नसते. म्हणून प्रत्येक कुंडीच्या तळाशी, भोक कितीही मोठे असले तरी, पाण्याने गच्च भरलेला एक थर शिल्लक राहतोच.

याची प्रचीती घेण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. जाड, चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा व थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज उभा करावा. लगेच खालच्या कडेने पुन्हा पाणी ठिबकू लागते. स्पंज तोच, त्याची छिद्रे तीच; वाढली ती फक्त उंची. उथळ कुंडीत पाणी अधिक का साचते आणि तीच माती उंच कुंडीत चांगली का वागते, याचे उत्तर या स्पंजात आहे.

हा गच्च थर किती जाड असेल, हे मातीच्या कणांमधल्या फटी ठरवतात. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढून राहते. व्यास त्याच्या दहावा हिस्सा केला तर ते सुमारे ३० सेंटिमीटर चढते. बारीक गाळाच्या मातीतील फटी याहूनही अरुंद असतात. तेव्हा १० सेंटिमीटर उंचीच्या कुंडीत अशी माती भरली, तर तळापासून माथ्यापर्यंत सारी कुंडी पाणी धरून बसते आणि भोकातून एक थेंब बाहेर पडत नाही. उलट, हरभऱ्याएवढ्या खड्यांमधल्या फटी मोठ्या असतात. तेथे गच्च थर दोन-अडीच सेंटिमीटरांवर येऊन थांबतो आणि वरची मुळे मोकळा श्वास घेऊ शकतात.

येथेच एका जुन्या आणि सर्वमान्य समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा वा खडीचा दोन इंचांचा थर घातला की पाण्याचा निचरा सुधारतो, असे अनेक पुस्तकांतून सांगितलेले आढळते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत तेव्हाच उतरते, जेव्हा त्या मातीचा तळ पूर्ण संपृक्त होतो. म्हणजे जो ओला थर कुंडीच्या बुडाशी असायचा, तो खडीच्या थरामुळे दोन इंच वर, ऐन मुळांच्या मध्यावर येऊन बसतो. कुंडी जणू तेवढीच उथळ होते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, तेवढे पुरे. ती खडी तळाशी न घालता सबंध मातीत मिसळली, तर मात्र ती खरोखरच उपयोगी पडते.

पाणी साचल्याने नेमके बिघडते काय? मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायूचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंद होतो. फटी पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, मरू लागतात; आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या ओलीत वाढणाऱ्या बुरशीवजा जीवांना ही मेलेली मुळे म्हणजे उघडे दारच होय. तेथून कुज बुंध्यात चढते. निवडुंग पाण्याने मरतो असे म्हटले जाते, पण अधिक नेमकेपणाने बोलायचे तर तो हवेवाचून मरतो. मग माती निवडताना विचारण्याचा प्रश्नही बदलतो. या मातीत पाणी किती राहील, यापेक्षा पाणी निथळून गेल्यावर या मातीत हवा किती राहील, हा खरा प्रश्न ठरतो.

या कसोटीवर आपल्याकडे मिळणारे पदार्थ तपासून पाहावेत. दख्खनची काळी माती कापसाला आणि ज्वारीला कितीही मानवली तरी कुंडीतल्या निवडुंगाला ती घातक आहे. तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसताना ती कोवळी मुळे तोडते, शिवाय कुंडीच्या कडेपासून सुटून फट पाडते. मग पुढच्या वेळी घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. उत्तरेकडील नद्यांच्या काठची गाळवट माती कुंडीत दबून बसते व तिच्यावर पापुद्रा धरतो. कोकण, गोवे, केरळ येथील जांभ्या दगडाची तांबडी माती त्यामानाने बरी. तिचे कण एकमेकांना धरून रवाळ राहतात. मात्र तीही चाळून, पिठासारखा भाग काढून टाकूनच घ्यावी.

वाळूविषयी फार गैरसमज आहेत. माती घट्ट वाटली की मूठ-दोन मुठी वाळू घालण्याची चाल आहे. स्वयंपाकघरातल्या एका साध्या प्रयोगाने तिचा फोलपणा कळतो. एक वाटी हरभरे आणि अर्धी वाटी मोहरी एकत्र केली, तर मिश्रण दीड वाटी भरत नाही, बरेच कमी भरते. कारण मोहरी हरभऱ्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसते. त्या पोकळ्या म्हणजेच मुळांची हवा. थोड्या वाळूत पुष्कळ चिकणमाती मिसळली की वाळूचे कण चिखलात बुडून जातात आणि तयार होतो तो जवळजवळ गिलावाच. वाळू घालायची तर ती जाड हवी, धुतलेली हवी आणि मिश्रणात तिचेच प्राबल्य हवे. समुद्राची वाळू खारट आणि शंखशिंपल्यांच्या चुनखडीने भरलेली असते, ती घेऊ नये. बांधकामासाठी दगड भरडून केलेली वाळू आता सर्वत्र मिळते; तिच्यातली भुकटी धुऊन चाळून टाकली तर ती उपयोगी आहे.

पण या कामी सर्वांत गुणी आणि सर्वांत स्वस्त पदार्थ बांधकामाच्या कचऱ्यात पडलेला असतो. तो म्हणजे पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे. गुळगुळीत खडीचा तुकडा फक्त जागा अडवतो. विटेचा तुकडा आपल्या अंगच्या सूक्ष्म छिद्रांत थोडे पाणी धरतो आणि दोन तुकड्यांच्या मधल्या मोठ्या फटींत हवा खेळू देतो. पाणी एकीकडे आणि हवा दुसरीकडे, अशी ही व्यवस्था असल्याने मुळांना दोन्ही मिळतात. तुकडे वाटाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे असावेत, भुकटी चाळून टाकावी, आणि विटेतले क्षार निघून जावेत म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. कच्ची वीट घेऊ नये. ती काही महिन्यांत विरघळून चिखल होते. दख्खनमध्ये कठीण मुरूमही याच रीतीने चालतो. दगडी कोळशाच्या भट्टीतले जळके खडे धुऊन घेतले तर तेही चालतात. लाकडी कोळशाचे तुकडे हलके व टिकाऊ असतात. त्यांना कुज थांबवण्याची जी जादू चिकटवली जाते, ती मात्र त्यांच्या ठायी नाही. बाजारात मिळणारे परलाइट, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या तापवून फुगवलेल्या लाह्या, मातीला हलके करते. पाणी घालताना ते तरंगून वर येते, एवढाच त्याचा दोष. व्हर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवते आणि कालांतराने चेपते, म्हणून ते निवडुंगासाठी घेऊ नये.

सेंद्रिय पदार्थांचा हात आखडता असावा. पूर्ण कुजलेले पानखत किंवा शेणखत दहात एक-दोन भाग पुरेसे होते. अर्धवट कुजलेले खत कुंडीतच कुजू लागते आणि मुळांच्या वाटचा प्राणवायू खाऊन टाकते. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला कोकोपीट म्हणतात, तो रोपवाटिकांचा लाडका आहे. कारण तो हलका, स्वस्त व वाहतुकीला सोयीचा असतो. रोपवाटिकेत कुशल माळी रोज नजर ठेवतो, तेथे तो निभावून जातो. घरी आल्यावर हाच भुसा एकदा भिजला की दिवसचे दिवस ओला राहतो, आणि एकदा कडकडीत वाळला की पाणी झटकन शोषत नाही. ‘निवडुंगाची माती’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांतही पुष्कळदा याचाच भरणा असतो. म्हणून पिशवीवरचे नाव वाचण्यापेक्षा आतली मूठभर माती भिजवून पाहणे अधिक शहाणपणाचे.

मिश्रणाचे प्रमाण ठरवताना दुसऱ्या देशाचे सूत्र जसेच्या तसे उचलणे धोक्याचे आहे. इंग्लंडमधील जॉन इनिस संस्थेने १९३०च्या दशकात कुंड्यांच्या मातीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून पोयट्याचे सात, पीटचे तीन आणि वाळूचे दोन भाग असे मिश्रण ठरवले. ते जगभर गाजले आणि योग्यच गाजले. पण त्यातला पोयटा हा तेथल्या कुरणांतला तंतुमय पोयटा होता, वाळू जाड होती, आणि त्यातून वाढवायची झाडे बहुतांशी सामान्य बागेतली होती. सूत्रातले आकडे समुद्र ओलांडून सहज येतात, त्यांतले पदार्थ येत नाहीत. येथल्या पोयट्याचे सात भाग घातले, तर निवडुंगाची ती समाधीच ठरावी.

भारतासारख्या देशात तर एकच सूत्र सर्वत्र चालणे शक्य नाही. जयपूर-जोधपूरच्या कोरड्या हवेत कुंडी एक-दोन दिवसांत वाळते; तेथे दहा भागांपैकी सहा भाग विटेचे तुकडे व जाड वाळू, दोन भाग चाळलेली माती आणि दोन भाग पानखत ठेवले तरी चालते. पुणे किंवा बंगळूर येथे खड्यांचे प्रमाण सातावर न्यावे. मुंबई, रत्नागिरी, कोची, कोलकाता येथे चार महिने हवाच पाण्याने भरलेली असते. तेथे आठ भाग खडे, एक भाग माती, एक भाग खत यापलीकडे जाऊ नये. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. इतक्या पावसापुढे उत्तम मातीलाही मर्यादा असते. अशा ठिकाणी कुंड्यांवर छप्पर हवेच. हिमालयाच्या कुशीत, भर पावसाच्या कालिंपोंगमध्ये निवडुंगांच्या रोपवाटिका नावारूपाला आल्या, त्या छपराच्या आधारानेच. हरियाणात पंचकुला येथे १९८७ साली स्थापन झालेले निवडुंगांचे राष्ट्रीय उद्यानही मोसमी पावसाच्या टापूतच आहे. पावसाच्या प्रदेशात निवडुंग वाढत नाहीत असे नाही; तेथे त्यांच्या मुळांभोवती हवा राखावी लागते, एवढेच.

वनस्पतीच्या जातीप्रमाणेही फरक करावा लागतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत रात्री फुलणारे जे ‘ब्रह्मकमळ’ कौतुकाने दाखवले जाते, ते वास्तविक एपिफायलम नावाचे कॅक्टस आहे; हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. हे कॅक्टस वाळवंटातले नसून अमेरिकेच्या उष्ण जंगलांत झाडांच्या खोडांवर साठलेल्या पालापाचोळ्यात वाढणारे आहे. त्याला नुसते खडे दिले तर ते रोडावते. त्याच्यासाठी निम्मे पानखत आणि निम्मे विटांचे व कोळशाचे तुकडे असावेत. उलट, दक्षिण आफ्रिकेतल्या गारगोट्यांसारखी दिसणारी लिथॉप्स जवळजवळ नुसत्या खड्यांत लावावी. अ‍ॅडेनियम, कोरफड यांना मधला मार्ग मानवतो. कुंडीचाही विचार हवा. भाजलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी बाष्परूपाने निघून जाते. प्लॅस्टिकच्या किंवा झिलईच्या कुंडीतून जात नाही. अशा कुंडीसाठी खडे एक भाग वाढवावेत.

मिश्रण जमले की नाही, हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. ज्या कुंडीत रोप लावायचे तिच्यात मिश्रण भरावे, भिजवून निथळू द्यावे, आणि मग भोक बोळ्याने घट्ट बंद करून मापाने हळूहळू पाणी घालावे. पाणी मातीच्या पृष्ठभागापर्यंत आले की किती लागले ते टिपून ठेवावे. हे पाणी त्या मिश्रणातल्या हवेच्या जागेत शिरलेले असते; तेव्हा जेवढे पाणी मावले, तेवढीच निथळल्यावरची हवा. एक लिटर मिश्रणात २०० मिलिलिटर किंवा अधिक पाणी मावले, तर ते निवडुंगाला योग्य समजावे. १००हून कमी मावले, तर बारीक भाग चाळून काढावा आणि खडे वाढवावेत. ज्याला मापे नकोत त्याने एवढेच पाहावे की, कुंडीवर ओतलेले पाणी वर तळे न साचता लगोलग खाली उतरते काय, आणि उघाडीच्या दिवसांत चार-पाच दिवसांनी कुंडी उचलून पाहता ती हलकी लागते काय.

लावणीच्या वेळी जुन्या भुशाचा गोळा मुळांभोवती तसाच ठेवू नये. तो ठेवला तर उत्तम मिश्रणाच्या मधोमध एक ओला बोळा दडून राहतो आणि कुज तेथूनच सुरू होते. मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत, तुटलेली मुळे दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यावीत, मग कोरड्या मिश्रणात रोप लावून आठवडाभर पाणी देऊ नये. या काळात जखमा भरून येतात. बुंध्याभोवती बोटभर जाडीचा खड्यांचा थर पसरावा, म्हणजे मान कोरडी राहते. एरवी पाणी देताना चमचा-चमचा देऊ नये. कुंडी भोकातून वाहेपर्यंत द्यावे आणि नंतर पूर्ण वाळू द्यावी, म्हणजे रानातल्या सरीचा क्रम राखला जातो. खालच्या बशीत साचलेले पाणी लगेच फेकून द्यावे. दोन-तीन वर्षांनी खत कुजून बारीक होते, फटी बुजतात, विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार वर दिसू लागतात; तेव्हा मिश्रण बदलावे. त्यातले विटेचे तुकडे धुऊन पुन्हा वापरता येतात.

तात्पर्य, भाग किती आणि पदार्थ कोणते, हे प्रत्येकाने आपल्या गावाची हवा, आपली कुंडी आणि आपले रोप पाहून ठरवावे. आकडे विसरले तरी बिघडत नाही. पाणी निथळून गेल्यावर त्याच्या जागी हवा आली पाहिजे, एवढे एक तत्त्व ध्यानात राहिले की बाकीचे आपोआप सुचते. बांधावरच्या निवडुंगाला ही हवा उतरती जमीन देते, वाळवंटातल्या निवडुंगाला ती दगडगोटे देतात. कुंडीतल्या निवडुंगाला मात्र ती माणसाने द्यावी लागते, आणि ती देण्याची वेळ रोप लावण्यापूर्वीची असते. पाऊस लागल्यानंतरची नव्हे.